हाजी शिहातांचा पंप आणि माझा तलाक

माझा तलाक झाला असावा, ही बातमी मला भाजीवाल्याने दिली. मी मुलूखियाच्या पालेभाजीच्या जुड्या उलट्यासुलट्या करून बघत होते. त्याने एकदम दोन जुड्या उचलून माझ्या पिशवीत कोंबल्या आणि म्हणाला, "राहू दे, उम्म हातिम. आज पैसे नकोत." इतक्या वर्षांत या माणसाने मला कोथिंबिरीची एक काडी जास्त दिली नव्हती.

"का रे? कोण गेलं?"

"गेलं नाही कोणी. म्हणजे... उस्ता बयूमींनी मघाशी कहवाखान्यात शपथ घेतली ना."

"कसली शपथ?"

त्याने माझ्याकडे न बघता कांद्यांकडे बघून सांगितलं. हाजी शिहातांच्या गाडीचा बिघाड पेट्रोल ओढणाऱ्या पंपातच आहे, दुसरीकडे कुठे निघाला तर माझ्या बायकोला तीन तलाक, असं माझा मिस्त्री नवरा भरल्या कहवाखान्यात टेबलावर हात आपटून म्हणाला होता.

आता आमच्या झगाझिग शहरातल्या पुरुषांना ही शपथ शिंकेसारखी येते, हे मलाही माहीत आहे. मासा ताजा आहे हे पटवायचंय, लाव बायको पणाला. पाहुण्याने आणखी एक घास खावा असं वाटतंय, लाव बायको पणाला. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकतो आणि कांदा चिरत राहतो. पण त्या शपथा अशा गोष्टींवर असतात की ज्या तपासायला कोणी जात नाही. माझा संसार मात्र एका यंत्राला बांधला होता. चार स्क्रू काढले की खरंखोटं बाहेर.

आणि यंत्रही कुठलं, तर तो पंप! जुन्या गाड्यांत इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा पंप बोल्टांनी आवळलेला असतो. इंजिन फिरलं की त्याचा दांडा हलतो, आतला रबरी पडदा खालीवर होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे कार्बोरेटरला पोचतं. हे मला कसं ठाऊक? लग्न ठरल्यावर बयूमी पहिल्यांदा घरी आला, तेव्हा माझी आई चहा करायला आत गेली आणि तेवढ्या वेळात तो माझ्याशी याच विषयावर बोलला. दुसरा कुठला विषय त्याला सुचलाच नाही. मला वाटलं, माणूस निदान प्रामाणिक आहे. पंपाचं काम त्याच्यासारखं कोणी करत नाही हेही खरं. मन्सूरापासून लोक पंप पिशवीत घालून त्याच्याकडे आणतात. पण त्यामुळे झालंय असं, की त्याला सगळीकडे पंपच दिसतो.

हाजी शिहाता फिसीख विकतात. मासा मिठात मुरवून मुरवून असा करायचा की सणाच्या दिवशी अख्ख्या गल्लीला कळावं कोणाच्या घरी फिसीख आहे. त्यांची गाडी त्यांच्याहून थोडीच लहान असेल, आणि इतकी वर्षं मासे वाहून वाहून ती स्वतःच फिसीख झाली आहे. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा खरोखरच पंपाचा पडदा फाटला होता. इंजिनाच्या तेलालाही पेट्रोलचा वास येत होता. बयूमीने नवा पडदा घातला, झडपा साफ केल्या, गाडी वाऱ्यासारखी पळाली. आठवडाभर बयूमी कॉलर ताठ करून हिंडला.

मग ती पुन्हा बंद पडायला लागली. गावात ठीक, कालव्याच्या रस्त्याला थोडं अंतर गेली की आचके देऊन गप्प. बयूमी स्कूटरवरून जायचा, कार्बोरेटरची नळी काढायचा, हाजींना सेल्फ मारायला सांगायचा. नळी कोरडी. म्हणजे पंप ओढत नाही. म्हणजे पंप तापलाय. मग पंपावर ओला टॉवेल गुंडाळायचा, दोघांनी चहा प्यायचा, आणि चहा संपेपर्यंत गाडी चालू व्हायची. बयूमी म्हणायचा, बघा, टॉवेलाचा गुण. गॅरेजमध्ये आणून त्याने तो पंप इतक्या वेळा उघडला की माझ्या साखरेच्या डब्याचं झाकणही तेवढ्या वेळा उघडलं नसेल. पंपाखालचं पॅकिंग पातळ केलं, स्प्रिंग बदलली. गाडी कालव्यापाशी जाऊन बंद पडतच राहिली.

समोरच्या गॅरेजवाला फरग हे सगळं बघत होता. फरग आणि बयूमी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले आणि तेव्हापासून एकमेकांना चहाला विचारतात, पण एकमेकांच्या कामाला चांगलं म्हणत नाहीत. बयूमीच्या आधी फरगच्या आईने मला मागणी घातली होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. फरगची बायको तीन वर्षांपूर्वी वारली, हेही ठाऊक आहे. त्यामुळे भाजीवाल्याच्या आवाजात दया होती, आणि थोडी उत्सुकताही होती.

मी मुलूखियासकट सरळ गॅरेजमध्ये गेले. आमचं घर वर, गॅरेज खाली. हाजींच्या गाडीखालून दोन बूट बाहेर आले होते.

"बयूमी!"

बूट हलायचे थांबले.

"बाहेर ये."

"जरा काम चाललंय."

"बाहेर ये, नाहीतर जॅक काढते."

तो बाहेर आला. कपाळाला ग्रीस, हातात पाना, चेहरा मार खाणाऱ्या पोरासारखा.

"अगं, बोलण्याच्या ओघात निघून गेलं. सगळेच म्हणतात."

"सगळे बटाट्यांवर म्हणतात. तू फरगसमोर म्हणालास."

"म्हणूनच तर म्हणालो! तो काय बोलला ते ऐक आधी. म्हणतो, 'पंप कशाला उघडतोस सारखा, टाकीकडे बघ.' वर म्हणतो, 'बयूमीला ताप आला तरी तो डॉक्टरला पंप दाखवेल.' सगळा कहवाखाना हसला."

"मग तू माझं नाव घेतलंस."

"नाव कुठे घेतलं? नुसतं 'बायको' म्हणालो."

"का, आणखी आहेत का?"

मी त्याला हाताला धरून शेख दसूकींकडे नेलं. शेख मशिदीच्या पायरीवर बसून नखं कापत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एका बोटाचं नख पुरं केलं आणि विचारलं, "बयूमी, तुझ्या मनात हिला सोडायचं होतं?"

"छे हो, शेख! अल्लाची शपथ—"

"आणखी शपथ नको, बाबा. आहे तीच निस्तरू. हेतू नव्हता, तर ही नुसती शपथ, आणि फार वाईट शपथ. खोटी ठरली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, तौबा करायची आणि जीभ आवरायची. माझं ऐकशील तर आजच म्हण की चुकलो, आजच जेवू घाल आणि मोकळा हो."

मला वाटलं, सुटले. पण माझ्या नवऱ्याने मान हलवली.

"आज जेवू घातलं तर फरग म्हणेल, बयूमीने हार मानली. आधी पंप खराब निघू द्या."

"आणि नाही निघाला तर?"

"निघेलच, शेख. मी पंप ओळखतो."

शेखांनी माझ्याकडे बघितलं. मी घरी आले, वर गेले आणि दाराला आतून कडी लावली.

त्या रात्रीपासून त्याचं जेवण मी गच्चीवरून टोपलीत घालून खाली सोडायला लागले. एरवी त्याच टोपलीतून भाजी वर यायची, आता नवऱ्याचं ताट खाली जात होतं. तो हाजींच्या गाडीत मागच्या सीटवर झोपायचा. शेजारची दौलत म्हणाली, "त्या वासात झोपतोय, आता पुरे झाली शिक्षा. उघड दार." मी उघडलं नाही. शेख काही म्हणोत, शब्द निघाला की तलाक झालाच म्हणणारेही गल्लीत होते; भीती होती मला, नव्हती असं कशाला म्हणू? आमचा मुलगा हातिम कुवेतला, त्याला फोनवर काय सांगायचं, तुझ्या बापाने तुझ्या आईला एका रबराच्या तुकड्यावर लावलं? पण भीतीहून जास्त मला लागलं ते वेगळंच. चुकलो हा एक शब्द त्याला माझ्याहून जड वाटला. शेखांनी दार उघडून दिलं होतं आणि हा आत यायला तयार नव्हता, कारण समोरून फरग बघत होता.

शेवटी शेखांनीच तोड काढली. शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांनी मिळून गाडी कालव्याच्या रस्त्याला न्यायची, आणि बंद पडली की तिथेच निकाल. मी म्हटलं, मीही येणार. बायकांचं काय काम तिथे, असं हाजी पुटपुटले. मी म्हटलं, "हाजी, गाडी तुमची आहे, तलाक माझा आहे."

हाजी गाडी चालवायला, शेजारी फरग. मागे एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी नाकाला रुमाल लावलेले शेख, आणि मध्ये मांडीवर ओला टॉवेल घेऊन बयूमी. टॉवेलाचं पाणी माझ्या अबायावर ठिबकत होतं. मागून स्कूटरी, सायकली, कोणाची तरी तीनचाकी, निम्मा कहवाखाना. गाडी मस्त चालली होती आणि त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पडले होते. गाडी बंद पडावी म्हणून इतक्या भाविकपणे दुआ करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

पेरूवाल्याच्या गाड्यापाशी तिने आचके दिले आणि थांबली.

बयूमी माझ्या पायांवरून उडी मारूनच बाहेर पडला. बॉनेट उघडलं, नळी काढली. "हाजी, सेल्फ मारा!" हाजींनी मारला. "बघा सगळ्यांनी! थेंब नाही! पंप ओढत नाही!"

"ओढेल कुठून?" फरग शांतपणे म्हणाला. "टाकी सोडतच नाहीये."

तो मागे गेला आणि त्याने टाकीचं झाकण फिरवलं. आतून असा लांबलचक फुस्सकारा आला की शेख दोन पावलं मागे सरले. टाकी श्वास घेत होती. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला लागते, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि कितीही जोरदार पंप असला तरी त्याला ओढता येत नाही. तेवढ्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं.

"आता मारा सेल्फ," फरग म्हणाला.

बयूमी अजून नळी हातात धरून उभा होता. पेट्रोलची चिळकांडी सरळ त्याच्या छातीवर आली. शुक्रवारचा धुतलेला अंगरखा गळ्यापासून पोटापर्यंत भिजला.

फरगने झाकण वर धरलं. बरोबर त्या भोकावर एक निळा मणी चिकटवलेला होता, घट्ट, वर डिंकाचा थर. चहा होईपर्यंत कडेने जेमतेम हवा झिरपायची आणि गुण टॉवेलाला मिळायचा. सगळ्यांनी हाजींकडे बघितलं.

"बायकोने लावला," हाजी म्हणाले. "बयूमीने पहिल्यांदा दुरुस्त केली ना, तेव्हा काय पळायला लागली होती! ती म्हणाली, कोणाची नजर लागेल. बंद पडायला लागल्यावर म्हणाली, बघा, लागलीच. म्हणून वरून आणखी डिंक लावला."

त्या गाडीला नजर लावायला कोणी जवळ तरी कसा जाईल, असं मागून कोणीतरी म्हणालं. पण कोणी हसलं नाही. कारण आता सगळे माझ्याकडे बघत होते. बिघाड टाकीत होता. शपथ खोटी ठरली होती. दोन दिवस मी मनात घोकत होते की मला काही वाटणार नाही, आणि आता मी गाडीचं दार धरून उभी होते.

"थांबा, थांबा," हाजी म्हणाले. ते मनाने चांगले आहेत. "दोन्ही खराब असेल! टाकीही आणि पंपही! उघडून तर बघा."

गर्दीत जीव आला. हो हो, उघडून बघा. आणि उघडणार कोण? बयूमी उघडेल तर कोणी विश्वास ठेवणार नाही. फरगच उघडणार. मी फरगच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्याने पंप सोडवला, मडगार्डवर ठेवून अंगठ्याने नळीचं तोंड दाबून दांडा हलवला, अंगठा घट्ट ओढला गेला. मग स्क्रू काढून त्याने झाकण उचललं आणि बराच वेळ तो बघतच राहिला.

"सुभानअल्ला," तो म्हणाला. "उस्ता, पडदा इतका सपाट कसा बसवतोस? एक सुरकुती नाही. झडपा तर... आपल्या उस्तादांनंतर असं काम मी बघितलं नाही. या पंपात खोट काढणारा आंधळा असेल."

हे वाक्य ऐकायला बयूमी जन्मभर थांबला होता. त्याचा चेहरा उजळला, अगदी नवऱ्यामुलासारखा. मग त्याची नजर माझ्यावर गेली आणि त्याला उमगलं की या कौतुकाने त्याची बायको जातेय.

"काहीतरीच!" तो ओरडला. "भिकार काम आहे."

"भिकार?" फरग वळला. "तोंड सांभाळ."

"माझं काम आहे, मी म्हणतो भिकार! झडप उलटी बसलीये."

"उलटी? मग तुझ्या छातीवर पेट्रोल काय कालव्यातून आलं?"

"पडदा ढिला आहे. मला पंपातलं काही कळत नाही. ऐका रे सगळे! बयूमीला पंप जमत नाही! मन्सूरावाल्यांनाही सांगा!"

"गाढवा, हात लावू नकोस! इतकं सुंदर काम..." बयूमीने स्क्रूड्रायव्हर उचलला होता, पडद्याला भोक पाडायला. फरगने पंप झडप घालून पोटाशी धरला, आईने लेकरू धरावं तसा. रागाने त्याचे कान लाल झाले होते. "हा पंप चांगला नसेल तर माझ्या बायकोला तीन—"

"तुमची बायको अल्लाघरी आहे, उस्ता!" पेरूवाला ओरडला.

आता मात्र रस्ता हसला. शेखांनी रुमाल नाकावरून डोळ्यांवर नेला. फरगही ओशाळला. एकटा बयूमी हसला नाही. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता, पेट्रोलने निथळत, आणि अजून म्हणत होता, "मी भिकार मिस्त्री आहे. लिहून घ्या."

मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. आपल्या पंपाला कोणी नावं ठेवली तर ज्याला जेवण जात नाही, तो माणूस निम्म्या झगाझिगसमोर स्वतःच्या हातांना शिव्या देत होता, आणि ते माझ्यासाठी. पण मी त्याला ओळखते. आज हे खोटं चाललं असतं, तर उद्यापासून तो त्या खोट्याखाली वाकून चालला असता, आणि वर मला कधीच चुकलो म्हणाला नसता.

मी पुढे झाले. "बयूमी. पंप चांगला आहे का?"

"इन्शिराह, तू मध्ये पडू नकोस. मी निस्तरतोय ना."

"पंप चांगला आहे का?"

त्याने फरगच्या पोटाशी धरलेल्या पंपाकडे बघितलं. "चांगला आहे," तो म्हणाला. त्याला खोटं बोलणं जमतच नाही.

"मग?"

"मग... बिघाड टाकीत होता."

"मग?"

तो शेखांकडे बघू लागला, हाजींकडे, कालव्याकडे. मदतीला कोणी आलं नाही.

"मी चुकलो," तो म्हणाला.

"मागे ऐकू नाही आलं, उस्ता!" सायकलवाल्यांतून आवाज आला.

"मी चुकलो! चुकलो! झालं समाधान?"

"कशात चुकलास?" मी विचारलं. "टाकीच्या बाबतीत की माझ्या?"

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग हळू, फक्त मला ऐकू येईल इतकंच बोलला. "तुझ्या. टाकी नंतर."

शेखांनी घसा खाकरला आणि जाहीर केलं की तलाक झालेला नाही, बायको बायकोच आहे, आणि येत्या शुक्रवारी उस्ता बयूमी दहा गरिबांना जेवू घालतील, तेही स्वतः वाढून. स्कूटरवाल्यांनी लग्नातल्यासारखे हॉर्न वाजवले. पेरूवाल्याने सगळ्यांना पेरू वाटले. बयूमीने पंप परत जोडला आणि फरग स्क्रू तळहातावर धरून उभा राहिला, हातात एकेक देत. फरगची नजर त्या पडद्यावरून हलत नव्हती.

परत निघालो तेव्हा सगळे होते तिथेच बसले. मणी हाजींनी खिशात टाकला होता आणि बायकोला काय सांगायचं याचा विचार करत ते गाडी हळू चालवत होते. शेखांना डुलकी लागली होती.

बयूमी माझ्याकडे झुकला. त्याला पेट्रोलचा आणि फिसीखचा असा दुहेरी वास येत होता.

"इन्शिराह," तो कुजबुजला, "समज, पंपच खराब निघाला असता. मी खरा ठरलो असतो. मग तर लगेच दार उघडलं असतंस ना?"

"मग मी आईकडे निघून गेले असते."

"का?" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की शेख दचकून जागे झाले. त्याने आवाज खाली घेतला. "अगं, शपथ खरी ठरली असती! काही बिघडलंच नसतं!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "पुढच्या वेळी तू मला कार्बोरेटरवर लावलं असतंस."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बहुतेक शपथच घेणार होता. मग ते मिटलं, आणि घर येईपर्यंत त्याने माझा हात धरून ठेवला.